विद्यादानात दाता काय सोडतो?

धर्मशास्त्रात दानाची व्याख्या करताना दोन गोष्टी जोडून सांगितल्या जातात: दात्याने वस्तूवरील आपले स्वत्व, म्हणजे मालकी, सोडायची आणि त्याच कृतीने घेणाऱ्याचे स्वत्व निर्माण करायचे. गाय, भूमी, सोने यांना ही व्याख्या नेमकी लागू पडते, कारण दिलेली गाय दात्याच्या गोठ्यात उरत नाही. विद्येला मात्र ती लावू गेल्यास अडचण येते. शिकवून झाल्यावरही विद्या शिकवणाऱ्याजवळ जशीच्या तशी राहते, किंबहुना पुष्कळदा वाढते, आणि तरीही मनुस्मृतीचा चौथा अध्याय जल, अन्न, गाय, भूमी इत्यादी सर्व दानांत ब्रह्मदान, म्हणजे वेदाचे अध्यापन, श्रेष्ठ ठरवतो. मग या दानात दाता नेमके काय सोडतो? नवशिक्याच्या संगणकावर इंकस्केप किंवा गिम्प हे मुक्त स्रोत आरेखन सॉफ्टवेअर बसवून देणे आणि ते त्याला शिकवणे, या वरवर किरकोळ वाटणाऱ्या कामात हा जुना प्रश्न अगदी स्पष्ट होऊन समोर येतो.

मुक्त स्रोत म्हणजे ज्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता आणि पुढे वाटता येते असे सॉफ्टवेअर. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली आणि त्या चळवळीतून चार स्वातंत्र्ये मांडली गेली: कोणत्याही हेतूने वापरणे, अभ्यासून बदलणे, प्रती वाटणे आणि बदललेल्या प्रती वाटणे. स्पेन्सर किमबॉल आणि पीटर मॅटिस या बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये सुरू केलेले गिम्प आणि २००३ मध्ये सोडीपोडी या आधीच्या प्रकल्पातून वेगळे झालेले इंकस्केप, ही दोन्ही याच विचारातील परवान्याखाली मिळतात. येथे एक बाब सहसा दुर्लक्षित राहते: हा परवाना देणारा लेखक आपला स्वामित्वहक्क सोडत नाही, तो हक्क स्वतःकडे ठेवून, त्याच्याच बळावर इतरांना मोकळीक देतो. म्हणजे हे सॉफ्टवेअरही विद्येप्रमाणेच दानाच्या शास्त्रीय व्याख्येत बसत नाही.

दुसरा प्रश्न अधिकाराचा आहे. मीमांसेत अधिकार म्हणजे एखादे कर्म करण्याची पात्रता, आणि तिच्यासाठी सामान्यतः तीन गोष्टी पाहिल्या जातात: अर्थित्व म्हणजे त्या फळाची इच्छा, सामर्थ्य म्हणजे कर्म पार पाडण्याची क्षमता व साधने, आणि तिसरी म्हणजे शास्त्राने त्या व्यक्तीला वगळलेले नसणे. या तिसऱ्या अटीनेच शूद्रांना वेदाध्ययनापासून दूर ठेवले, आणि ज्या परंपरेने ब्रह्मदानाला सर्वांच्या वर नेले तिनेच ते घेण्याचे दार बहुसंख्यांना बंद केले. हा अन्याय होता आणि त्याला दुसरे नाव देता येणार नाही. १९९८ मध्ये निश्चित झालेली मुक्त स्रोताची व्याख्या नेमकी ही तिसरी अट काढून टाकते, कारण परवान्याने कोणत्याही व्यक्तीविरुद्ध, गटाविरुद्ध किंवा कार्यक्षेत्राविरुद्ध भेद करू नये असे ती स्पष्ट सांगते. मात्र परवाना फक्त आडकाठी दूर करू शकतो; सामर्थ्य देणे त्याच्या हाती नसते, आणि साहाय्यकाचे काम येथूनच सुरू होते.

हे सामर्थ्य फार लहान लहान गोष्टींचे बनलेले असते. अधिकृत संकेतस्थळ आणि त्याच्यासारखे दिसणारे भलतेच पान यांतील फरक ओळखणे, आपल्या संगणकाला कोणती प्रत चालेल हे पाहणे, बसवताना संगणक परवानगी विचारतो तेव्हा ती का विचारतो हे समजणे, ही त्याची पहिली पायरी होय. मराठीत काम करणाऱ्याला त्यापुढे लिपीचा अडथळा असतो. डीटीपीच्या जुन्या फाँटांत देवनागरी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत, त्यामुळे त्या फाँटांत टाइप केलेली हळदीकुंकवाची पत्रिका नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की निरर्थक रोमन चिन्हे दिसतात आणि नवशिक्या समजतो की आपण काहीतरी बिघडवले. युनिकोड, म्हणजे जगातील लिप्यांच्या प्रत्येक वर्णाला स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत, समजावून दिली आणि मुंबईच्या एक टाइपने घडवलेला मुक्ता यासारखा मुक्त परवान्याचा फाँट बसवला, की जोडाक्षरे आणि ‘दुसऱ्या’मधला अर्धा र नीट उमटतो. मग वक्ररेषा येते: दोन बिंदू आणि त्यांना जोडलेल्या दांड्या ओढून वळण घडवण्याची ही रीत ऐकून कळत नाही, हातालाच ती उमजावी लागते, आणि तिच्यासाठी ‘अ’चे वळण पुन्हा पुन्हा गिरवण्याइतका चांगला धडा क्वचितच सापडेल. छापखान्यात फाइल देण्यापूर्वी अक्षरांचे आकारांत रूपांतर करून ठेवणे, म्हणजे तेथे तो फाँट नसला तरी मजकूर बिघडत नाही, ही शेवटची पायरी.

या प्रत्येक पायरीवर साहाय्यकाला एक मोह होतो: माऊस स्वतःच्या हाती घेऊन काम झटपट उरकण्याचा. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात रचलेल्या चतुर्वर्गचिंतामणीच्या दानखंडात विद्यादानाच्या विचारात ग्रंथाची प्रत करवून ती विधिपूर्वक अर्पण करण्याचाही समावेश आहे. पोथी दिली की पोथीवरचे स्वत्व बदलते, पण ती वाचता येणे ही वेगळी गोष्ट आहे. सॉफ्टवेअर बसवून देऊन निघून जाणे हे असेच पोथीचे दान होय. ते निरर्थक नाही, पण अध्यापनाची जागा ते घेऊ शकत नाही.

त्याच यादवकालीन महाराष्ट्रात महानुभाव पंथाने मराठीला धर्मभाषेचा मान दिला, म्हाइंभटांचे लीळाचरित्र मराठी गद्यात अवतरले, आणि पुढे त्याच पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले. ग्रंथांची जपणूक हा त्यामागचा हेतू असला, तरी वि. का. राजवाडे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिपीची उकल करेपर्यंत हे वाङ्मय पंथाबाहेरच्या वाचकाला बंद राहिले. भाषा सर्वांची असूनही किल्ली मोजक्यांच्या हाती राहू शकते. इंकस्केप ज्या एसव्हीजी स्वरूपात चित्र जतन करते ते २००१ पासूनचे खुले मानक असून, तशी फाइल साध्या मजकूर-संपादकात उघडली तर वर्तुळाचे केंद्र आणि त्रिज्या तेथे अंकांत लिहिलेली दिसतात. पण हे दाखवणारा कोणी भेटला नाही, तर नवशिक्यासाठी तीही सकळ लिपीच ठरते.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर देता येते. विद्यादानात विद्येवरचे स्वत्व सुटत नाही. शिकणाऱ्याच्या कामावर साहाय्यकाने नकळत मिळवलेले स्वत्व सुटते. ज्याच्यावाचून अडते तो, हे स्थान सोडणे जड असते, कारण त्यात मान असतो आणि आपलेपणाही असतो. म्हणून परवानगीचा पासवर्ड शिकणाऱ्यानेच टाकावा, माऊस त्याच्याच हाती राहावा, चुकलेली रेषा त्यानेच मागे घ्यावी, आणि साहाय्यकाने शेजारी बसून वाट पाहण्याचा कंटाळा सोसावा. पुढच्या वर्षी पत्रिकेवरची तारीख बदलण्याची वेळ येईल तेव्हा शिकणाऱ्याने कोणालाही फोन न करता ती बदलली, तर दान शास्त्राच्या व्याख्येप्रमाणेही पूर्ण झाले.