समासातला बाप

मराठी माणसाच्या नावात बाप मधोमध बसलेला असतो. शाळेच्या हजेरीपटापासून सातबाऱ्यापर्यंत पोराचं नाव घेतलं की पाठोपाठ बापाचं येतंच. ज्या मुलाच्या जन्मदाखल्यावर वडिलांचा रकाना कोरा आहे, त्याची अडचण म्हणूनच कुणी नुसतं 'पूर्ण नाव सांग' म्हटलं तरी सुरू होते. 2023 मध्ये जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्या वर्षीच्या 1 ऑक्टोबरपासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, मतदार यादी, वाहन परवाना, आधार, सरकारी नोकरी या सगळ्यांसाठी जन्मदाखला हाच जन्माचा पुरावा ठरला. त्यामुळे त्या एका रकान्याचं वजन आणखी वाढलं आहे.

हा रकाना मागाहून भरता येतो. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या 15 व्या कलमात दुरुस्तीची रीत सांगितली आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते. निबंधकानं मूळ नोंद खोडायची नाही. समासात नवी नोंद करायची, खाली सही करायची आणि तारीख घालायची. म्हणजे वडील नंतर आले, अमुक दिवशी आले, हे रजिस्टर लपवत नाही. आयुष्यातही पुष्कळ बाप असेच नंतर येतात. लग्न मुलाच्या जन्मानंतर झालेलं असतं, घरच्यांच्या धाकानं माणूस आधी मागे सरलेला असतो, किंवा दवाखान्यात माहिती देताना आई एकटीच असते.

एका तालुक्याच्या गावी नगरपरिषदेच्या खिडकीपाशी असं एक जोडपं मी पाहिलं आहे. सोबत शाळेत जाण्याच्या वयाची मुलगी. माणूस सांगत होता, "साहेब, पोरगी माझीच आहे. मी लिहून देतो, सही करतो." आतून उत्तर आलं, "तुमच्या लिहून देण्यानं काय होतं? लग्नाचा दाखला आणा." दाखला नव्हता, लग्न देवळात झालं होतं, तेही मुलगी चालायला लागल्यावर. त्या सगळ्या बोलण्यात आईला कुणी एक शब्द विचारला नाही. ती प्लॅस्टिकच्या पिशवीतले कागद पुनःपुन्हा सारखे करत होती. मुलीचा बाप कोण, हे ठामपणे सांगू शकेल अशी खिडकीपाशी तीच एकटी होती.

कारकुनाला सगळा दोष देऊन भागणार नाही. आपला कायदाच बापाकडे लग्नातून पाहतो. 1872 च्या पुरावा कायद्याचं 112 वं कलम आता भारतीय साक्ष्य अधिनियमात 116 वं झालं आहे. गाभा तोच आहे. वैध लग्न टिकून असताना, किंवा ते संपल्यावर 280 दिवसांच्या आत आणि आईनं दुसरं लग्न केलेलं नसताना, मूल झालं तर ते त्या नवऱ्याचंच मानायचं. मुलावर नसता कलंक येऊ नये हा त्यामागचा हेतू चांगलाच आहे. पण त्यातून कचेऱ्यांना एक सवय लागली. लग्नाचा कागद असला की बापाला कुणी काही विचारत नाही, आणि तो नसला की स्वतःहून पुढे आलेल्या माणसाकडेही संशयानं पाहिलं जातं. जबाबदारी घ्यायला आलेल्याला माघारी पाठवण्यात मुलाचं कोणतं हित आहे?

अर्थात, नाव लावणं सोपं करा म्हणताना आईची संमती मी अजिबात सोडणार नाही. वडिलांचं नाव लागलं की ताब्याचा आणि पालकत्वाचा दावाही मागून येऊ शकतो. जिच्यावर जबरदस्ती झाली, जी मारहाणीतून सुटून आली, तिला रकाना कोरा ठेवण्याचा पूर्ण हक्क हवा. सर्वोच्च न्यायालयानं 2015 मध्ये तो मान्य केला: एकट्या किंवा अविवाहित मातेनं प्रतिज्ञापत्र दिलं की दाखला द्यायचा, बापाचं नाव विचारून अडवायचं नाही. त्या खटल्यातला मुलगा जवळजवळ पाच वर्षांचा झाला होता आणि तोवर त्याचा जन्मदाखला निघालेला नव्हता.

कोऱ्या रकान्याला आपण इतके भितो की लोकांना खोटं लिहावं लागतं. केरळ उच्च न्यायालयापुढे 2022 मध्ये आलेल्या एका तरुणाच्या जन्मदाखल्यावर, दहावीच्या प्रमाणपत्रावर आणि पासपोर्टवर बापाची वेगवेगळी नावं होती. आई अविवाहित होती, बाप अज्ञात होता. रकाना मात्र दर वेळी कुणाच्या तरी नावानं भरला गेला. न्यायालयानं त्याला केवळ आईच्या नावाचा दाखला देण्याचा आदेश दिला.

बाप होणं रक्तावर किती आणि पत्करण्यावर किती, याचं उत्तर महाराष्ट्रानं फार पूर्वी एका घरात पाहिलं आहे. 1863 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथे काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेला झालेला मुलगा त्यांनी पुढे दत्तक घेतला. यशवंत जोतीराव फुले! जोतीरावांनी त्याला स्वतःचं नाव दिलं, शिकवलं आणि 1887 च्या मृत्युपत्रात वारस नेमलं. पुढे तो डॉक्टर झाला. तरीही 1890 मध्ये जोतीराव गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं धरण्याच्या यशवंताच्या हक्कावर भाऊबंदांनी हरकत घेतली, आणि सावित्रीबाईंनी ते स्वतः हाती घेतलं, असं चरित्रकार सांगतात.

जोतीरावांनी नावासोबत शिक्षण दिलं, घर दिलं, वारसा दिला. आज सरकारी कागद फक्त नाव मागतो. रकाना भरलेला असला की दाखला बिनतक्रार चालतो. मग तो माणूस घर सोडून गेलेला असो, दहा वर्षांत पोराचं तोंडही न पाहिलेला असो. 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांसाठी राज्यानं नावात आईचं नाव वडिलांच्या आधी आणलं. हे हवंच होतं, आणि फार उशिरा झालं. पण वाढवण्याचा भार कोण उचलतो, हा प्रश्न नावांचा क्रम बदलून सुटत नाही.

दाखला मुलाचा आहे, ही गोष्ट आपण धरून चाललो तर बरीच गुंतागुंत सुटेल. म्हणूनच नवऱ्याशी बिनसलं एवढ्या कारणानं त्याचं नाव काढून टाकायलाही माझा विरोध आहे. बापाचं नाव हा मुलाचा बापावरचा हक्क आहे, आणि तो रागाच्या भरात आईनं सोडून देऊ नये.

या हक्काला कायद्यात आधार आहे. मूल औरस असो वा अनौरस, ते स्वतःचं पोट भरू शकत नसेल तर बापानं त्याला पोटगी द्यायची, हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 125 व्या कलमात होतं आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या 144 व्या कलमात आहे. पण नोंद होते पालिकेत आणि पोटगी मागावी लागते कोर्टात. या दोन दारांची एकमेकांशी ओळख नाही. ती करून द्यायची तर पालिकेत आईबाप दोघांच्या सह्यांचा एक साधा नमुना ठेवावा. लग्नाचा दाखला मागू नये. समासात नाव चढवण्याआधी त्या माणसाला हे कलम मराठीत वाचून दाखवावं आणि ऐकल्याची सही घ्यावी. सहीची एक प्रत आईच्या हाती द्यावी, म्हणजे उद्या तो नाकबूल झाला तर कोर्टात दाखवायला तिच्यापाशी काहीतरी असेल.