कोप कोणी म्हणावा?

१९७२ च्या दुष्काळात आमच्या बिडकीनकडच्या बाया खडी फोडीत होत्या. त्यांच्यातली एखादी ‘देवाचा कोप’ म्हणाली तर ऐकून घ्यावे. सावलीतल्या माणसाने तेच म्हटलेले मला सोसवत नाही. यहुद्यांच्या विलापगीतांत हा भेद मला दिसतो. इ. स. पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेमचे मंदिर जाळले. (त्या शोकदिनाला कोकणातले बेने इस्राएल बिरड्याचा सण म्हणत!) रडणारा कवी पाप कबूल करतो, शिक्षा देवाचीच मानतो, आणि त्याच देवाला भुकेने रस्त्यात कोसळणारी पोरे दाखवतो. हा अधिकार सोसणाऱ्याचा. मुले गमावलेल्या ईयोबापाशी त्याचे मित्र सात दिवस मुकाट बसले, तोवर ठीक होते. मग ते देवाचा न्याय समजावू लागले. देव संतापला तो त्यांच्यावर, आणि ईयोबाने प्रार्थना केली तेव्हा कुठे ते सुटले.