तिसरा टप्पा

ओझरला विघ्नहराचं दर्शन घेऊन सायकलनं लेण्याद्रीला निघावं. अंतर पंधराएक किलोमीटर. पायथ्याशी उतरून न थांबता पायऱ्या चढायला घेतल्या, की पहिल्या वीस-पंचवीस पायऱ्यांतच मांड्या भरून येतात, पाय आपले वाटेनासे होतात. इतका वेळ एकाच पद्धतीनं गोल फिरलेल्या पायांना आता शरीराचं सगळं वजन उचलायचं असतं.

ट्रायथलॉनपटूचं अवघड दुखणं नेमकं हेच. ऑलिंपिक स्पर्धेत आधी दीड किलोमीटर पोहणं, मग 40 किलोमीटर सायकल आणि शेवटी 10 किलोमीटर धाव. सायकलवर तासभर कमरेत वाकून बसलेलं शरीर धावायला लागलं तरी पटकन सरळ होत नाही. धड पुढे झुकतं, पाऊल आखूड पडतं. तेवढाच वेग राखायला जास्त प्राणवायू लागतो. मध्यम दर्जाच्या खेळाडूंना हा भुर्दंड चांगलाच पडतो. अव्वल खेळाडूंची चाल मात्र फारशी बिघडत नाही, असं अभ्यासकांना दिसलं आहे.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये 31 जुलै 2024 रोजी ब्रिटनच्या अ‍ॅलेक्स यीनं न्यूझीलंडच्या हेडन वाइल्डला शेवटच्या काहीशे मीटरमध्ये गाठलं आणि सुवर्णपदक नेलं. फरक 6 सेकंदांचा, म्हणजे त्या वेगानं साधारण 33 मीटर. हे धावपटू मिनिटाला 180 च्या आसपास पावलं टाकतात असं धरलं, तर धावेच्या अर्ध्या तासात 5,400 पावलं होतात. ते 33 मीटर त्यांवर वाटून टाकले, तर पावलामागे जेमतेम 6 मिलिमीटर येतात. ताज्या पायांना 6 मिलिमीटरचं काय कौतुक? पण थकलेल्या पायांना प्रत्येक पावलाला तेवढे राखायचे असतात.

म्हणून हे खेळाडू सायकलवरून उतरल्या उतरल्या धावण्याचा सराव करतात. पोटऱ्या, नितंब, पाठ यांची ताकद वाढवतात, म्हणजे दमल्यावरही धड कोसळत नाही. आपले मिलिंद सोमण मूळचे जलतरणपटू. त्यांनी 2015 साली झुरिचची आयर्नमॅन ट्रायथलॉन 15 तास 19 मिनिटांत पुरी केली. त्यात पोहणं आणि 180 किलोमीटर सायकल झाल्यावर शेवटी अख्खी मॅरेथॉन असते. पाण्यातली हुकमत तिथं फार पुरत नाही. दमलेल्या पायांनाच वळण लावून ठेवलेलं असावं लागतं.

रोजच्या जगण्याचंही असंच. आपण स्वतःला ओळखतो ते सकाळच्या ताज्या माणसावरून. ऑफिसात गोड बोलतो, गिऱ्हाइकाशी सबुरीनं वागतो आणि स्वभावानं आपण शांत आहोत असं मानतो. घरच्यांच्या वाट्याला मात्र रात्री आठचा माणूस येतो, तिसऱ्या टप्प्यातला. मुलानं तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला, की या दमलेल्या माणसाचं पाऊल आखूड पडतं. ‘दमलो होतो म्हणून बोललो’ ही सबब खरी असते, पण ऐकणाऱ्याचं घड्याळ तिच्यासाठी थांबत नाही.

यावर रविवारच्या निवांत सकाळी केलेले संकल्प कामाला येत नाहीत. सबुरी शिकायची ती दमलेलं असतानाच, दारातून आत आल्यावरच्या पहिल्या पाच मिनिटांत. आज तेवढी पाच मिनिटं सांभाळून पाहू या.