हिशेब मांडणारा इतिहासकार

मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यातल्या एरण गावी एक दगडी ध्वजस्तंभ आहे. गुप्त राजा बुधगुप्ताच्या राज्यात मातृविष्णू आणि धन्यविष्णू या दोघा भावांनी तो जनार्दनासाठी उभारला. त्यावरच्या लेखात काळ दिला आहे: वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार. पण १६५ कुठल्या आरंभापासून मोजायचं? एकोणिसाव्या शतकात यावर मोठा वाद होता. गुप्त संवताची सुरुवात अभ्यासकांपैकी टॉमस इसवी सन ७७-७८ मध्ये मानत, कनिंगहॅम १६६-६७ मध्ये, फर्ग्युसन ३१८-१९ मध्ये. हा संवत शकानंतर २४१ वर्षांनी सुरू झाल्याचं अल्-बिरुनीने नोंदवलं होतं, पण त्या नोंदीचा अर्थही जो तो आपल्या मताप्रमाणे लावी. त्यामुळे समुद्रगुप्तापासून स्कंदगुप्तापर्यंतचे सगळे राजे दोन-अडीच शतकं मागे-पुढे हेलकावत होते.

मुंबई इलाख्यातले अधिकारी आणि पुरालेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी गुप्तकालीन लेखांचा खंड १८८८ मध्ये प्रसिद्ध केला. मंदसोरच्या लेखावरून त्यांना ३१९-२० कडे वाट दिसली होती. ती पक्की करायची तर गणित हवं होतं. ते गणित शंकर बाळकृष्ण दीक्षित या शाळामास्तराने करून दिलं. शुद्ध द्वादशी म्हणजे चंद्र सूर्याच्या पुढे १३२ ते १४४ अंशांच्या दरम्यान. दिलेल्या वर्षी आषाढात ती स्थिती कोणत्या दिवशी सूर्योदयाला होती, हे काढायचं आणि त्या दिवशीचा वार पाहायचा. १६५ मध्ये २४१ मिळवले की शके ४०६ येतं. दीक्षितांनी केरो लक्ष्मण छत्रे यांची मराठी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हाताशी घेऊन गणित केलं आणि तारीख आली २१ जून ४८४, वार गुरुवार.

एक वार सातांत एकदा योगायोगानेही जुळू शकतो. म्हणून दीक्षित तेवढ्यावर थांबले नाहीत, आणि मला त्यांचं हे न थांबणं त्या उत्तराहूनही मोलाचं वाटतं. वेरावळच्या एका लेखात हिजरी ६६२, विक्रम १३२०, वलभी (म्हणजे गुप्तच) ९४५ आणि सिंह १५१ असे चार संवत एकत्र आहेत. तोही तपासला गेला. गुप्त संवत वापरणाऱ्या परिव्राजक राजांच्या ताम्रपटांत ‘महावैशाख’, ‘महाआश्वयुज’ अशी संवत्सरांची नावं येतात. ही नावं गुरू ग्रह सूर्यतेजातून बाहेर पडून पहाटे पुन्हा दिसू लागतो, तेव्हा तो ज्या नक्षत्रात असतो त्यावरून पडतात, हे दीक्षितांनी उलगडून दाखवलं. वाराशी काहीही संबंध नसलेला हा वेगळा पुरावा होता आणि त्याचं उत्तरही त्याच आरंभाकडे आलं.

दीक्षितांचा जन्म १८५३ चा, दापोलीजवळच्या मुरूडचा. महर्षी कर्व्यांचंही गाव तेच. औपचारिक शिक्षण मॅट्रिकपर्यंत, पुढे जन्मभर मास्तरकी, शेवटी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात. १८९८ मध्ये, वयाच्या पंचेचाळिशीच्या आतबाहेर, ते गेले. त्याआधी दोनच वर्षं, १८९६ मध्ये, ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा त्यांचा ग्रंथ पुण्यात छापला गेला, आणि रॉबर्ट सूएल यांच्यासह केलेलं भारतीय कालगणनेवरचं इंग्रजी पुस्तकही त्याच वर्षी आलं. मराठी ग्रंथाचं निमित्त होतं पंचांगाच्या इतिहासासाठी दक्षिणा प्राइझ कमिटीने लावलेलं बक्षीस. हाती आलं ते मात्र वेदकाळापासून स्वतःच्या काळापर्यंतच्या ज्योतिषगणिताचं सांगोपांग चरित्र.

या ग्रंथाला आपण मान पुष्कळ देतो, त्याची शिस्त मात्र घेत नाही, अशी माझी तक्रार आहे. प्राचीन विज्ञानाविषयी आज दोन सूर ऐकू येतात. एक म्हणतो, सगळं आपल्याकडे आधीच होतं. दुसऱ्याच्या मते जे काही होतं ते बाहेरून आलेलं. दोन्हीकडे आकडे क्वचितच मांडले जातात. दीक्षित प्रत्येक ग्रंथाला आधी विचारत: तुझं वर्ष किती दिवसांचं?

वराहमिहिराच्या ‘पंचसिद्धांतिके’त रोमक सिद्धांत येतो. त्याचं वर्षमान ३६५ दिवस, १४ घटी, ४८ पळं. घटी २४ मिनिटांची धरली, तर हे होतात ३६५ दिवस, ५ तास, ५५ मिनिटं आणि १२ सेकंद. ग्रीक ज्योतिषी हिपार्कस याचं वर्षही नेमकं एवढंच. सेकंदाला सेकंद जुळल्यावर इथे देवाणघेवाण मान्य करावी लागते, आणि यात कमीपणा काहीच नाही. त्याच पोथीतल्या सूर्यसिद्धांताचं वर्ष मात्र ३६५ दिवस, १५ घटी, ३१ पळं, ३० विपळं. ते रोमकाहून सतरा मिनिटांनी मोठं आहे. म्हणजे एका पोथीतल्या दोन सिद्धांतांना एकच उगम चिकटवता येत नाही. ‘उसनं की अस्सल’ हा प्रश्न अख्ख्या परंपरेला एकदम विचारता येत नाही, तो एकेका आकड्याला विचारावा लागतो.

हीच कसोटी दीक्षितांच्या सर्वांत गाजलेल्या निष्कर्षालाही लावली पाहिजे. शतपथ ब्राह्मणात कृत्तिकांविषयी असं म्हटलं आहे की इतर नक्षत्रं पूर्व दिशेपासून ढळतात, कृत्तिका ढळत नाहीत. दीक्षितांनी याचा अर्थ घेतला की त्या काळी कृत्तिका बरोबर पूर्वेला उगवत, म्हणजे आकाशातल्या विषुववृत्तावर होत्या. अयनचलनामुळे ही स्थिती बदलत जाते. आज कृत्तिका विषुववृत्ताच्या सुमारे २४ अंश उत्तरेला आहेत. मागे मोजत गेलं की त्या विषुववृत्तावर होत्या तो काळ इसवी सनापूर्वी ३००० च्या आसपासचा येतो. वाक्य वर्तमानकाळी आहे, तेव्हा ग्रंथाचा तो भागही त्याच काळचा, असं दीक्षित म्हणाले.

गणित चोख आहे. पण गणिताच्या अलीकडे वाक्याचा अर्थ आहे, आणि पलीकडे वाक्याच्या वयावरून ग्रंथाचं वय काढण्याची उडी. ‘पूर्वेपासून न ढळणं’ म्हणजे काटेकोर पूर्वबिंदू, की ढोबळ पूर्वेकडची बाजू? वर्तमानकाळातलं वाक्य पिढ्यान्‌पिढ्या पाठ होत पुढे आलेलं नसेल कशावरून? पुढच्या अभ्यासकांनी या शंका घेतल्या आणि त्या रास्त आहेत. मला स्वतःला ते निरीक्षण कधीकाळी खरोखर झालं असावं असं वाटतं. त्यावरून संपूर्ण ब्राह्मणग्रंथ पाच हजार वर्षांपूर्वीचा ठरतो असं मात्र वाटत नाही. दीक्षितांचं नाव घेऊन ही तारीख सिद्ध सत्य म्हणून सांगितली जाते, तेव्हा त्यांच्या पद्धतीवर अन्याय होतो. त्यांनी आधार, अनुमान आणि आकडा वेगवेगळे मांडले, ते वाचणाऱ्याला प्रत्येक पायरी तपासता यावी म्हणूनच.

इतिहासात सापडलेली चूक त्यांनी इतिहासातच ठेवली नाही. सूर्यसिद्धांताचं वर्ष ऋतूंच्या वर्षाहून सुमारे २४ मिनिटांनी मोठं आहे. साठ वर्षांत त्याचा एक दिवस होतो. म्हणून उत्तरायण प्रत्यक्षात २१-२२ डिसेंबरला सुरू होतं आणि आपण संक्रांत १४-१५ जानेवारीला करतो. विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्याबरोबर दीक्षितांनी सायन, म्हणजे ऋतूंच्या वर्षावर चालणाऱ्या, पंचांगाचा पुरस्कार केला. सणवार ऋतूंशी बांधलेले राहावेत, हा त्यामागचा आग्रह. लोकांनी ते पंचांग फारसं स्वीकारलं नाही. पण १९५२ मध्ये मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली दिनदर्शिका सुधार समिती नेमली गेली आणि २२ मार्च १९५७ ला १ चैत्र शके १८७९ धरून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली, तेव्हा तिचे सौर महिने सायन मानावरच बसवले गेले.

‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथाचं हिंदी भाषांतर झालं, केंद्र सरकारच्या हवामान खात्याने इंग्रजी भाषांतरही दोन भागांत काढलं. मराठीत मात्र त्याची नवी, सटीप, तपासलेली आवृत्ती हवी आहे. ज्या गणितांसाठी दीक्षितांना कोष्टकं चाळत तासन्‌तास लागत, ती आज संगणकावर क्षणात होतात. त्यांची सगळी उदाहरणं पुन्हा सोडवावीत, नवं उत्तर जुन्याच्या शेजारी छापावं, फरक पडला तर तो का पडला ते खाली लिहावं. कृत्तिकांच्या प्रकरणात तर वेगवेगळे अर्थ धरून प्रत्येकाची येणारी कालमर्यादा द्यावी. खगोलशास्त्र, संस्कृत आणि पुरालेख जाणणारी तीन-चार माणसं दोन-तीन वर्षं एकत्र बसली, तर हे काम होण्यासारखं आहे. आपल्या एखाद्या विद्यापीठाने ते अंगावर घ्यावं.