खूण आणि ओळख

एखाद्या वस्तूची खूण पटली, की ती वस्तूच आपणांस कळली, असे आपण नित्य व्यवहारात गृहीत धरतो. आडनावाचा शेवट, बोलण्याचा हेल, कपाळावरचे गंध, एवढ्यावर माणसाविषयीचे आपले मत बनून जाते. आणि मग त्याच्या वर्तनाकडे पाहण्याची गरजच उरत नाही. हा दोष अडाण्यांचा, असा सुशिक्षितांचा समज असतो. तो कितपत खरा आहे हे पाहण्यासाठी, जेथे बुद्धीचा कस सर्वांत कडक मानला जातो अशा प्रयोगशाळेतीलच एक उदाहरण आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

१९७५ साली स्टॉकहोम येथील कॅरोलिन्स्का संस्थेत किसलिंग, क्लाइन व विगझेल ह्यांनी उंदराच्या प्लीहेतील काही पेशींचे वर्णन केले. ह्या पेशींची कर्करोगाच्या पेशींशी पूर्वी कधी गाठ पडलेली नसली, तरी त्या त्यांस ठार करीत. अमेरिकेत हर्बरमन ह्यांसही त्याच सुमारास हेच आढळले. शिकविल्यावाचून मारणाऱ्या म्हणून त्यांस 'नैसर्गिक मारक पेशी' असे नाव मिळाले. म्हणजे त्यांची पहिली ओळख कृतीवरून झाली, रूपावरून नव्हे.

परंतु कृतीवरून ओळखणे हे वेळखाऊ काम. सुदैवाने त्याच १९७५ साली केंब्रिज येथे कोलर व मिलस्टीन ह्यांनी एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तितके निर्माण करण्याची युक्ती शोधून काढली. तिच्याबद्दल त्यांस १९८४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. प्रतिपिंड म्हणजे शरीराने परक्या वस्तूला चिकटण्यासाठी घडविलेले प्रथिन. ते किल्ली कुलपात बसावी तसे ठराविक आकारालाच चिकटते. १९८४ सालीच उंदराच्या मारक पेशींवरील 'एन-के १.१' नावाच्या खुणेला चिकटणारे 'पी-के १३६' हे प्रतिपिंड प्रसिद्ध झाले. त्यास चमकणारा रंग जोडावा, पेशी लेसरच्या झोतासमोरून एकेक करून सोडाव्यात, आणि जी चमकेल ती मारक पेशी म्हणून मोजावी, इतके काम सोपे झाले.

आता ह्या सोपेपणाची दुसरी बाजू पाहू. प्रयोगशाळांतून 'सी-५७ ब्लॅक-६' नावाच्या काळ्या उंदरांचे एक कूळ पाळले जाते आणि 'बाल्ब-सी' नावाच्या पांढऱ्या उंदरांचे दुसरे. पहिल्यात हे प्रतिपिंड मारक पेशी चोख दाखविते. दुसऱ्यात ते काहीच दाखवीत नाही. ह्यावरून पांढऱ्या उंदरांस मारक पेशी नसतात असे कोणी म्हणेल, तर ते साफ चूक ठरेल. पेशी आहेत, त्या आपले कामही करतात. केवळ त्या खुणेच्या घडणीत कुळागणिक थोडा फरक आहे. उलट काळ्या उंदरांतही ही खूण अंगावर वागविणाऱ्या काही पेशी निराळ्याच वर्गाच्या, म्हणजे टी-पेशी, असतात. तेव्हा खूण नसता वस्तू असते, आणि खूण असता वस्तू दुसरीच असते. दोष प्रतिपिंडाचा नव्हे. त्यास विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ते प्रामाणिकपणे देते. चूक होते ती त्या उत्तराचा अर्थ लावणाऱ्याची.

येथवर प्रश्न केवळ ज्ञानाचा आहे. पण हेच प्रतिपिंड जिवंत उंदरास टोचले, तर खूण झालेल्या पेशी त्याच्या शरीरातून नाहीशा होतात. आणि त्यांच्यावाचून काय अडते हे पाहण्यासाठी संशोधक तसे मुद्दाम करतात. ओळखण्याचे साधन तेच, नाहीसे करण्याचेही तेच! उंदरांच्या पिंजऱ्यात हा प्रयोग ठरतो. मनुष्यसमाजात त्यास काय म्हणावे? आमच्याच देशात १८७१ साली एक कायदा झाला व त्याने पुढे कित्येक जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला. प्रथम नोंद झाली. मग त्याच नोंदीच्या आधाराने हजेरी आली, आणि सोलापुरासारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआडच्या वसाहती आल्या. त्या माणसाने काय केले, हे विचारण्याचे कोणास कारणच उरले नाही. खूण पुरेशी होती. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. परंतु शिक्का मारणारी दृष्टी कायद्याबरोबर रद्द होत नसते, हे आपण सर्वजण मनात जाणतो.

मग खुणा टाकूनच द्याव्यात काय? तसे म्हणणे भाबडेपणाचे होईल. प्रत्येक वेळी प्रत्येकाची कृती तपासीत बसल्यास ना प्रयोगशाळा चालेल, ना संसार. आमचे म्हणणे इतकेच, की खूण ही उसनवारी आहे आणि तिची परतफेड तपासणीने करावी लागते. चांगला संशोधक एका प्रतिपिंडावर विसंबत नाही. टी-पेशी वेगळ्या काढण्यासाठी तो दुसरे वापरतो; पांढऱ्या उंदरांसाठी दुसऱ्या खुणेचे प्रतिपिंड घेतो; ज्या नमुन्यात काही चमकू नये असाही एक नमुना शेजारी ठेवतो; आणि संशय आल्यास पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे वळतो, की ही पेशी मारते काय?

आश्चर्य असे, की हा विवेक खुद्द त्या पेशीच्याही अंगी आहे. १९८६ साली कार्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले, की जी पेशी स्वकीयपणाची खूण गमावून बसते, तिच्यावर मारक पेशी चालून जाते. पण तेवढ्यानेच निवाडा होत नाही. चेतविणाऱ्या व आवरणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या संदेशांचा तोल पाहूनच ती पुढचे पाऊल टाकते. गर्भाशयात तर ह्याच वर्गाच्या पेशी रक्तवाहिन्या रुंदावण्यास साह्य करतात आणि गर्भाचे पोषण सुकर करतात. जिला आपण 'मारक' हे नाव देऊन मोकळे झालो, ती असे वागते. आणि आपण? पुढच्या वेळी एखाद्याचे केवळ नाव ऐकून आपले मत ठरू लागेल, तेव्हा क्षणभर थांबून, दुसरी साक्ष काढली काय, एवढे तरी आपण स्वतःस विचारावे.