अनुमान आणि त्याची अट

उद्याचा भार आज कोणालाच दिसत नाही. तरीही स्टोरेज यंत्रणेला किती डिस्क लागतील हे आजच ठरवावे लागते. म्हणून हा हिशेब मुळात प्रमाणशास्त्राचा प्रश्न आहे : अनुमानाला ज्ञान म्हणावे का? चार्वाकांनी नकार दिला. पाहिलेल्यावरून न पाहिलेल्याविषयी बोलणारी व्याप्ती, म्हणजे ‘जिथे हे तिथे ते’ असा अटळ संबंध, सिद्ध कशी करणार? न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांनी व्याप्तीआड दडलेली उपाधी, म्हणजे न सांगितलेली अट, शोधायला शिकवले. जिथे अग्नी तिथे धूर, हे इंधन ओले असेल तरच खरे. डिस्कच्या हिशेबाचा खरेपणाही अशा अटी उघड मांडण्यातच आहे.

हिशेबाचा एक भाग कार्यकारणभावावर उभा आहे. मिनिटाला 7,200 फेरे घेणाऱ्या डिस्कला अर्ध्या फेऱ्यास सुमारे 4.2 मिलिसेकंद लागतात; हेड जागेवर न्यायला 8.5 धरले, तर सेकंदाला विखुरलेल्या 80 मागण्याही जेमतेम भागतात. समजा, मागण्या 2,000 आहेत आणि त्यांत 70 टक्के वाचन आहे. अनेक डिस्क एकत्र जोडणाऱ्या रेड रचनांपैकी रेड 10 मध्ये प्रत्येक लेखन दोनदा होते. डिस्कवर 2,600 क्रिया येतात, म्हणजे किमान 33 डिस्क. रेड 5 मध्ये जुना डेटा आणि पॅरिटी, म्हणजे बिघडलेल्या डिस्कवरचा डेटा परत मिळवून देणारी जादा माहिती, वाचून दोन्ही नव्याने लिहावे लागतात. क्रिया 3,800 आणि डिस्क 48 होतात. इथवर व्याप्ती भक्कम आहे. पण ते 2,000 आणि 70 टक्के मागच्या मोजणीतून आलेले असतात. महिनाअखेरीची गर्दी सरासरीत बुडते. शिवाय साध्या रांगेच्या गणितानुसार डिस्क 50 टक्के गुंतलेली असताना प्रतिसादाला दुप्पट वेळ लागतो, 90 टक्क्यांवर दसपट.

मग हिशेब सोडून भरपूर डिस्क घ्याव्यात, असे कोणी म्हणेल. पण जास्त डिस्क पुरतील हेही अनुमानच आहे. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत हेच दाखवले : भविष्याविषयी शंका घेणाराही अनुमानाचाच आधार घेतो, आणि शंका स्वतःच्या आचरणाशी विसंगत झाली की तिथे थांबते. दुसरा आक्षेप असा, की फ्लॅश मेमरीने हा प्रश्नच मिटवला. फ्लॅशने फिरणारी तबकडी काढली, प्रत्येक डिस्कची क्षमता कितीतरी पटींनी वाढवली; पण पॅरिटीची जादा कामे, रांग आणि बदलता भार तसेच राहिले. म्हणून राखून ठेवलेली मोकळी क्षमता ही उधळपट्टी नव्हे. आपले ज्ञान कुठे संपते याची ती प्रामाणिक नोंद आहे. नुसता आकडा देणारा दुसऱ्याला खोट्या निश्चितीत ठेवतो. अट सांगणारा त्याला, भार बदलताच तो आकडा नाकारण्याचा अधिकार देतो.