समुद्रातला बोअर

देवगाव फाट्यापासून समुद्र साडेतीनशे किलोमीटरांहून दूर. इकडे तो येतो तो सुकट आणि बोंबील होऊन, आठवडी बाजारातल्या गोणपाटावर. सुकट तव्यावर कोरडी भाजायची, कांदा-मिरची घालायची, भाकरीशी खायची. गरिबाघरचं हक्काचं कोरड्यास. भाव का वाढला विचारलं तर विकणारी बाई म्हणते, "मागूनच माल येईना, भाऊ."

मागून माल का येईना, हे सेलू-जिंतूरकडच्या माणसाला सांगायला माशांचं शास्त्र लागत नाही. त्याने बोअर पाहिलेत. शेजाऱ्याने 300 फूट घेतला की आपण 400, मग तो 500. पाणी तेच, कुणाच्याच सातबाऱ्यावर नसलेलं. ज्याची मोटर मोठी त्याचं. यात राक्षस कुणीच नसतो. डोक्यावर कर्ज असतं आणि डोळ्यांदेखत मोसंबी वाळत असते.

किनाऱ्यावर हेच झालं. शिडाच्या होडीला वाऱ्याची वेसण होती. मग इंजिन आलं, तळ खरवडत जाणारे ट्रॉलर आले, अख्ख्या थव्याला वेढा घालून खालून आवळणारं पर्ससीन जाळं आलं. बोट कर्जाची, डिझेल महाग. जवळ मासळी मिळेना म्हणून आणखी लांब जायचं, लांब गेलो म्हणून आणखी ओढायचं. राज्याने 2016 मध्ये पर्ससीनवर बंधनं आणली. रात्री एलईडीच्या झगमगाटात मासळी गोळा करायला केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली. कागदावर बोअरच्या खोलीलाही कायदा आहेच की!

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मोजणीत 2019 साली महाराष्ट्राची मासळी 2.01 लाख टनांवर उतरली, 45 वर्षांतली सर्वांत कमी. त्या वर्षी अरबी समुद्रात वादळंही बरीच झाली, तेव्हा सगळं खापर जाळ्यांवर फोडू नये. पण पापलेटसाठी नावाजलेल्या सातपाटीचे मच्छीमार पिलं मारली जात असल्याचं कधीपासून सांगत होते. अंडी घालायच्या आत मासा काढणं म्हणजे पेरायचं बियाणंच दळून खाणं. 2023 मध्ये पापलेट राज्यमासा झाला, आणि त्याच वर्षी 54 जातींच्या माशांची किमान लांबी सरकारने ठरवली. पापलेटची 135 मिलिमीटर, म्हणजे वितीपेक्षाही कमी. एवढंही वाढू देण्यासाठी अधिसूचना काढावी लागली.

आपल्याकडच्या तलावात मच्छीमार सोसायटी ठेका घेते, कटला-रोहूची बोटुकली सोडते आणि ती वाढायची वाट बघते. सोडणारा आणि काढणारा एकच, म्हणून धीर धरवतो. समुद्रात सोडणारा कुणीच नाही. आज मी सोडलेला मासा उद्या दुसऱ्याच्या जाळ्यात, मग मी का सोडू? थांबायला उशीर झाला की काय होतं पाहा: कॅनडाने 1992 मध्ये न्यूफाउंडलंडची कॉड मासेमारी थांबवली ती दोन वर्षांच्या बोलीवर. बंदी तीस वर्षांवर लांबली.

परवा घरी सुकट निवडत होतो. त्यात नखाएवढे मासेही निघाले, काळे डोळे शाबूत. पापलेट, बोंबील की आणखी कुणी, काही कळेना. ओळखू येण्याएवढे ते वाढलेच नव्हते.